त्या वर्षीचे गणंग हुलगे

कडधान्याचा जो दाणा भिजत नाही, शिजत नाही, कितीही जाळ घातला तरी तसाच टणक राहतो, त्याला आमच्याकडं गणंग म्हणतात. आणि जो माणूस कुठल्याच कामाचा नाही, कशालाच दाद देत नाही, त्यालाही गणंगच म्हणतात. सासरी आल्यावर हा शब्द मी इतक्या वेळा ऐकला की अजून कुणी सहज उच्चारला तरी माझं टाळकं फिरतं.

माझं माहेर इंदापूर तालुक्यात, पळसदेवला, उजनीच्या फुगवट्याच्या काठावर. घरात मासे, मळ्यात ऊस, कुंपणावर घेवड्याचे आणि वालाचे वेल. पाणी ही काही बोलण्याची गोष्ट आहे हे मला लग्न होईपर्यंत माहीतच नव्हतं. सासर मिळालं बारामती तालुक्यात, सुप्याच्या पलीकडच्या माळावर. त्या घरात एकेकाळी मेंढरं होती. सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, ती विकली आणि माळ नांगरून शेती धरली. बाजरी, हुलगा, मटकी. पाऊस आला तर पिकायचं, नाही आला तर माणसं एकमेकांवर उठायची.

घरात आम्ही मोजकी. आबा, थोरले दीर, त्यांची बायको आणि मी. माझा नवरा कारखान्याच्या ट्रकवर होता, तो कधीमधी उगवायचा. सासू माझ्या लग्नाआधीच गेलेली. थोरल्या जावेला मी आक्का म्हणायची. दिराबद्दल ‘ते’ म्हणायची आमच्यात रीत आहे. त्या घरात मी ती पाळली, इथं पाळणार नाही. तो आक्काला मारायचा. तिला मूल झालं नव्हतं, हे त्याचं नेहमीचं कारण. पण नव्वदनंतरच्या त्या एका दुष्काळात मार इतका वाढला की आक्का त्या घरात जिवंत राहते की नाही, एवढी एकच काळजी मला उरली होती.

पेरणीपुरता पाऊस झाला आणि नंतर आभाळानं पाठच फिरवली. हुलगा चिवट असतो, कमी पाण्यावर येतो म्हणून तर तो माळावर पेरायचा. पण त्यालाही काही मर्यादा आहे. वेल वीतभर वाढून थांबले. मटकीला फुलं आली आणि वाऱ्यानं झडून गेली. हुलग्याला शेंगा धरल्या त्या चपट्या, वाकड्या, एकेका शेंगेत दोन दाणे असले तरी नशीब. त्यात मयूरेश्वरच्या जंगलातली हरणं खायला काही राहिलं नाही म्हणून आमच्या रानात घुसायला लागली. दीर एकदा दगड घेऊन त्यांच्या मागं धावला. हरणाच्या पायाला दगड बसला, ते लंगडत गेलं, आणि तेवढ्यात बांधावरून कुणीतरी ओरडलं की जंगलखात्याची केस होईल. तो तसाच दात ओठ खात घरी आला. दारात आक्का शेणाची पाटी घेऊन उभी होती. हरणाला मारता आलं नाही तो राग त्यानं तिच्यावर काढला. पाटीसकट ती उंबऱ्यावर पडली आणि कपाळ फुटलं.

पाण्यासाठीही मारामाऱ्याच. टँकर आला की बायका घागरी डोक्यावर नव्हे, हातात घेऊन जायच्या, एकमेकींना हाणायला बऱ्या पडतात म्हणून. एकीनं दुसरीच्या बोटावर घागर आपटलेली मी बघितली आहे, नख उडून पडलं तरी तिनं नळी सोडली नाही. टँकर नसला की विहिरीच्या तळातलं मचूळ पाणी प्यायचं. आक्का एकदा विहिरीत डोकावून मला म्हणाली, पाणी असतं तर बरं झालं असतं, आता उडी मारली तर नुसती हाडं मोडतील. मी हसले, आणि मग घरी येऊन रडले.

हुलगे काढले आणि खळ्यात ढीग लागला. हुलगा बडवायला बाभळीचं दांडकं असतं. ढीग एका अंगानं बडवायचा, मग पायानं उलथायचा, दुसऱ्या अंगानं बडवायचा. त्या वर्षी दीर असा काही बडवत होता की जणू त्या वेलांनीच पाऊस अडवला होता. आबा खळ्याच्या कडेला बसलेले. बडवण्याचा आवाज बदलला की त्यांना कळायचं. ते दर वेळी एवढंच म्हणायचे, “बास. दाणा फुटंल.” आणि दीर थांबायचा. बापाचं तेवढं एक वाक्य तो ऐकायचा.

उफणून झाल्यावर मी दाणे हातावर घेऊन बघितले. चांगल्या साली कणगी गळ्यापर्यंत भरायची, त्या साली बूड झाकेना. दाणा बारका, सुरकुतलेला, काळपट. नखानं साल निघेना. माझा मुलगा पुढं शेतकी शिकला, त्यानं मला सांगितलं की दाणा भरायच्या वेळी पाणी तुटलं की आत भरायचं ते अर्धंच भरतं आणि साल मात्र टणक होते. कागदावर त्यात सत्त्व दिसेलही, पण शिजलंच नाही तर ते अंगी लागणार कसं. हे त्यानं पुस्तकात वाचलं. मी ते बैलाच्या शेणात बघितलं होतं. भरडा न करता घातलेले हुलगे शेणात जसेच्या तसे, अख्खे. माणसांचंही काही वेगळं नव्हतं, ते काय सांगायचं.

पहिल्याच दिवशी आक्कानं उसळ केली. आदल्या रात्री भिजत घातलेले हुलगे, सकाळपासून चुलीवर. दीर जेवायला बसला, भाकरी मोडली, मोठा घास घेतला आणि कड् असा आवाज आला. दाढेचा तुकडा त्यानं हातावर काढून बघितला. मग पितळी उचलून आक्काच्या तोंडावर फेकली. कडा लागून तिचा ओठ फाटला. तेवढ्यावर भागलं नाही. तिचे केस धरून त्यानं तिचं डोकं भिंतीवर आपटलं. तू गणंग, म्हणून तुझ्या हातचा दाणाबी गणंग, हे तो तेव्हा पहिल्यांदा बोलला. वांझोट्या बाईच्या हाताला कडधान्य शिजत नाही, असं काहीतरी त्यानं कुणाकडून ऐकलं होतं म्हणे. आबा भाकरी खात राहिले.

मग ते रोजचंच झालं. आक्कानं खायचा सोडा घालून बघितला, पापडखार घालून बघितला, दोन रात्री भिजत ठेवून बघितले. मी आक्काला म्हणाले, दळून टाकू, माडगं करू, शेंगोळं करू, पीठ झाल्यावर गणंग कुठला अन् काय कुठला. पण दिराला उसळच पाहिजे. माडगं हे आजाऱ्यानं आणि बाळंतिणीनं प्यायचं. तो म्हणाला, मी काय बाळंत झालोय?

बाळंतीण मीच होते. माझं लेकरू अंगावर होतं आणि दूध आटत चाललं होतं. पोट फुगेपर्यंत हुलगे खायचे, तासाभरानं पुन्हा पायात गोळे. तोंडाचे कोपरे चिरलेले, जिभेवर फोड. पोट भरायचं पण अंगात बळ यायचं नाही. आक्का मात्र माझ्यासाठी दुपारची जात्यावर बसायची. ते टणक दाणे भरडताना जातं करकरायचं आणि मारानं सुजलेल्या तिच्या हातातून खुंटा निसटायचा. ती बोटांना चिंधी बांधून दळायची. गरम माडगं माझ्या पुढ्यात ठेवायची आणि म्हणायची, पी, लेकराला लागंल. माझ्या पोराच्या अंगावर त्या वर्षी जे काही मांस आलं ते आक्काच्या हातांचं आहे, हे मी त्याला लहानपणापासून सांगत आले.

आणि संध्याकाळी ती भिजलेले हुलगे परातीत पसरून एकेक दाणा बोटानं चाचपत बसायची. फुगलेले एका अंगाला, न फुगलेले दुसऱ्या अंगाला. किती वेळ चालायचं ते. मला वाटायचं, बिचारी गणंग वेचून टाकतेय. तरीही दिराच्या घासाला कड् व्हायचंच, आणि आक्कावर हात पडायचाच. कधी लाथ, कधी चुलीतलं लाकूड. तिच्या दंडावर भाजल्याचा जो डाग होता तो माझ्या पंजाएवढा होता. आबांना आणि मला मात्र कधी एखादाच टणक दाणा लागायचा. मला वाटायचं, म्हातारा न चावता गिळतोय आणि माझे दात तरणे आहेत.

संक्रांतीला मी माहेरी गेले. त्या वर्षी धरण भरलंच नव्हतं. पाण्याखालचं जुनं देऊळ पावसाळ्यातच उघडं पडलेलं. पाणी मागं सरकलं त्या गाळात माझ्या आईनं हुलगे टाकले होते. तिचे हुलगे बघितले आणि मी थक्क झाले. दाणा टपोरा, लालसर, चकचकीत. त्याच सालचा, त्याच दुष्काळातला, नुसती गाळाची ओल मिळालेला. आईनं उसळ केली तर दुसऱ्या उकळीला दाणा बोटानं चेपायला लागला. मी तिथंच ठरवलं की आता ह्याचा निकाल लावायचा.

परत येताना मी आईच्या हुलग्यांची पिशवी आणली आणि उजनीच्या पाण्यानं भरलेला कॅन आणला. काखेत पोर, हातात कॅन. एसटीचा कंडक्टर म्हणाला, बाई, लोक तिकडून इकडं पाण्याला येतात, तुमी इकडून तिकडं नेताय. मी त्याला म्हटलं, औषध आहे. माझ्या डोक्यात सगळं पक्कं होतं. एका तवलीत आमचे हुलगे, उजनीच्या गोड्या पाण्यात. दुसऱ्या तवलीत आईचे हुलगे, आमच्या मचूळ पाण्यात. दोन्ही आक्कानंच भिजत घालायचे, आक्कानंच शिजवायचे. म्हणजे हाताचा दोष असेल तर दोन्हीकडं दिसेल आणि पाण्याचा असेल तर तोही दिसेल.

आक्काला सांगितलं तर ती परातीतले दाणे चाचपतच राहिली. म्हणाली, कशाला गं हा कुटाणा. मला तिचा राग आला. जीव जायची वेळ आली तरी हिला स्वतःची बाजू मांडायची नाही. मी हट्टानं तिला चुलीपुढं बसवलं.

दुपारपर्यंत दोन्ही तवल्या रटरटल्या. आईचे हुलगे आमच्या घाण पाण्यातही लोण्यासारखे झाले. आमच्यातले निम्मेअधिक त्या गोड्या पाण्यातही खडेच राहिले. दीर आणि आबा रानातून आले, ओसरीवर टेकले. मी डोक्यावरचा पदर ओढून घेतला आणि दोन्ही तवल्या त्यांच्या पुढ्यात नेऊन ठेवल्या. लग्न झाल्यापासून थोरल्या दिराशी मी समोरून एक शब्द बोलले नव्हते. आमच्यात बोलत नाहीत. त्या दिवशी बोलले. आबांकडं बघत सुरुवात केली आणि शेवटी त्याच्याकडंच बघितलं.

“दोन्ही आक्कानंच शिजिवल्यात,” मी म्हणाले. “दाणाच उपाशी हाय, त्याला तिचा हात काय करंल? तिला आता हात लावायचा न्हाय.”

त्यानं दोन्ही तवल्यांतले दाणे पळीनं काढून बोटानं चेपून बघितले. त्याला कळलं. ते मला त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसलं, आणि मी मूर्ख, मला वाटलं आता संपलं. खरं काय ते कळलं की माणूस थांबतो, अशी माझी समजूत होती. त्यानं लाथ मारून तवल्या उलथल्या. कढत पाणी शेजारी उभ्या आक्काच्या पायांवर आलं, ती किंचाळली, आणि त्यानं कोपऱ्यातलं बडवायचं दांडकं उचललं. दोघी मिळून बापासमोर माझी अब्रू काढता का, असं काहीतरी तो ओरडत होता.

पहिला तडाखा आक्काच्या खांद्यावर बसला. हाड वाजलं. दुसऱ्याच्या आधी मी मागून दांडक्याला लोंबकळले. त्यानं मला झटकलं, मी जात्यावर जाऊन पडले, बांगड्या फुटून काचा मनगटात घुसल्या. आत पोर रडायला लागलं. मी पुन्हा उठले आणि त्याच्या हाताला चावले, जमेल तेवढ्या जोरात, रक्ताची चव लागेपर्यंत. दांडकं त्याच्या हातून सुटलं. आक्कानं ते उचललं.

तिनं ते नीट धरलं. शिवी नाही, ओरडणं नाही. पहिला घाव नडगीवर घातला. तो खाली बसला. मग पाठीवर, मग मांड्यांवर, एका अंगानं, शिस्तीत, खळ्यात बडवतात तसं. एक खांदा निकामी झालेला, तरी दुसऱ्या हातानं. तो कुशीवर वळून अंग चोरायला लागला तेव्हा तिनं भाजलेल्या पायानं त्याला उलथला आणि दुसऱ्या अंगानं सुरुवात केली. मी थांबवलं नाही. मला आनंद होत होता, उगाच कशाला लपवू.

तेवढ्यात ओसरीच्या कडेवरून आबांचा आवाज आला.

“बास कर, सूनबाई. दाणा फुटंल.”

इतकी वर्षं तिचा ओठ फाटला, कपाळ फुटलं, दंड भाजला, तेव्हा ह्या म्हाताऱ्यानं भाकरीवरची नजर उचलली नव्हती. माझ्या अंगाचा भडका उडाला.

“तवा कुठं गेला हुता दाणा, आबा?” मी म्हणाले.

आबांनी पटका सारखा केला, उठले आणि गोठ्याकडं गेले. आक्कानं दांडकं खाली टाकलं नाही. ते घेऊन ती चुलीपाशी येऊन बसली आणि त्यानंतर ते कायम तिच्या उशाला राहिलं. दीर भिंतीला धरून उठला, बाहेर बाजेवर जाऊन पडला. त्यानं पुन्हा तिच्यावर हात उचलला नाही. त्याला शहाणपण आलं असं मी म्हणणार नाही. त्याला मार कळला, एवढंच.

मी तिच्या पायांना खोबरेल लावत होते, खांद्याला हळदीचा लेप देत होते, आणि बडबडत होते. हेच आधी करायला पाहिजे होतं, तुझा काहीच दोष नव्हता, दाणाच तसला होता, आता सगळ्यांना दिसलं. ती ऐकत होती. मग तिनं चुलीमागून एक गाडगं ओढलं. अर्धं भरलेलं. सगळे न फुगलेले, वेचलेले गणंग.

“पहिल्या दिवशी दाणाच हुता,” आक्का म्हणाली. “मागनं मीच हुते.”

मला कळेना. ती शांतपणे सांगत गेली. रोज वेचलेल्या गणंगांतले निम्मे जात्यावर, माझ्या माडग्याला. निम्मे वेगळे उकळून त्याच्या पितळीत, वरून मऊ उसळ घालून. आबांना आणि मला चांगले. मी म्हणाले, अगं, पण तो मारत होता ना त्यापायी?

“तो मारणारच हुता. उसळ मऊ असती तर मिठावरनं मारलं असतं,” ती म्हणाली. “राग आला की मानूस जोरात चावतंय. माझा एक दात त्यानं पाडला. मी त्याच्या दाढा मोजीत हुते.”

मी हातातली खोबरेलाची वाटी खाली ठेवली. मी काखेत पोर आणि हातात पाणी घेऊन तालुका ओलांडून आले ते हिला निर्दोष ठरवायला. आणि ही रोज संध्याकाळी परात पुढं घेऊन, बोटानं चाचपून, त्याचं जेवण निवडत होती. मला हसू आलं आणि ते थांबेना. तीही हसायला लागली, खांदा धरून, कण्हत. बाहेर बाजेवर तो ऐकत होता.

पुढं चांगले पाऊस झाले. आईच्या पिशवीतले उरलेले हुलगे आक्कानं माळावर पेरले, ते बरे आले. आबा गेले. दिराच्या दाढा एकेक करून किडल्या, मोडल्या, पडल्या. आता त्याला भाकरीसुद्धा कुस्करून लागते, आणि दोन्ही वेळेला माडगं. ते आक्काच करते, बारीक पीठ, गाठ न होऊ देता. गेल्या वेळी मी गेले होते तेव्हा तो ओसरीवर वाटी तोंडाला लावून बसला होता. आक्का दारात उभी होती, दांडक्याचा आता तिला काठी म्हणून उपयोग होतो.

“शिजलंय का?” तिनं विचारलं.

त्यानं वर न बघता मान हलवली. “व्हय,” तो म्हणाला.